बाळोते : एका चौकोनी कापडाचा आणि त्याच्या धुण्याचा इतिहास

१/
१८८६ साल. इंग्लंडमध्ये काही नवजात बाळे अचानक निळसर पडू लागली. रेनर नावाच्या डॉक्टरांनी कारणाचा माग काढला, तेव्हा तो बाळांच्या कमरेला गुंडाळलेल्या कापडापाशी येऊन थांबला. मालकीची खूण म्हणून त्या कापडांवर शिक्का मारला जाई. शिक्क्याच्या शाईत ॲनिलीन होते. ताजा शिक्का मारलेली कापडे न धुताच बाळांना बांधली गेली होती.

२/
ॲनिलीन त्वचेतून रक्तात शिरते आणि प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचे रूप बदलते. असे बदललेले हिमोग्लोबिन प्राणवायू पोहोचवण्याच्या कामाचे राहत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात ते पूर्ववत करणारी यंत्रणा भक्कम असते. पहिल्या काही महिन्यांच्या बाळात ती पुरती तयार झालेली नसते. त्यात ओले, उबदार कापड तासन् तास अंगाशी चिकटलेले. उपाय अगदी साधा होता : शिक्का मारल्यावर कापड उकळून धुवावे, मगच वापरावे. तरीही अशा घटनांची नोंद पुढील अनेक दशके वैद्यकीय नियतकालिकांत होत राहिली.

३/
हा धागा त्याच कापडाविषयी आहे. न शिवलेले, न बेतलेले, एकपदरी, चौकोनी कापड. माणसाच्या वापरातील इतकी साधी वस्तू क्वचितच दुसरी असेल. तिच्या इतिहासात घडी, गाठ आणि पिन यांना स्थान आहेच. पण खरा इतिहास घडला तो धुण्याच्या दगडावर, बादलीत आणि दोरीवर. कापडाने बाळाला अपाय केल्याच्या ज्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, त्यांत कापड स्वतः क्वचितच दोषी आढळते. दोष असतो तो कापडात मागे राहिलेल्या कशाचा तरी.

४/
आधी शब्द. मराठीत बाळाखाली घालायचे आणि कमरेला बांधायचे ते बाळोते, गुंडाळायचे आणि पांघरायचे ते दुपटे, बंदांनी बांधायचा तो लंगोट. प्रदेशागणिक या सीमारेषा सरकतात. कुठे बाळोत्यालाही दुपटेच म्हणतात. इंग्रजीतील ‘डायपर’ हा शब्द मात्र मुळात बाळाचा नव्हेच. ते एका विणीचे नाव होते : पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच धाग्याने उठवलेली बारीक शंकरपाळ्यांची नक्षी. शेक्सपिअरच्या नाटकात ‘डायपर’ येतो तो हात पुसायचा टॉवेल म्हणून. त्या विणीचे कापड पाणी चांगले शोषते म्हणून ते बाळांच्या कामी आले आणि कालांतराने विणीचे नाव वस्तूला चिकटले. ब्रिटनमध्ये ‘नॅपकिन’वरून ‘नॅपी’ झाले. म्हणजे दोन्हीकडे मूळ वस्तू एकच, घरातला पुसायचा रुमाल.

५/
युरोपात अठराव्या शतकापर्यंत बाळाला पट्ट्यांनी घट्ट गुंडाळून ठेवण्याची रीत होती. हातपाय सरळ राहावेत ही त्यामागची समजूत. परिणाम असा की आतले कापड बदलायचे तर सगळी गुंडाळी सोडावी लागे, आणि म्हणून ते फारसे बदललेच जात नसे. १७४८ साली विल्यम कॅडोगन या डॉक्टरांनी लंडनच्या अनाथ बालकांच्या रुग्णालयाच्या विश्वस्तांना पत्ररूपाने एक निबंध लिहिला. या गुंडाळ्या सोडा, बाळाला हातपाय हलवू द्या आणि त्याचे कपडे वरचेवर बदला, असे त्यांचे सांगणे होते. १७६२ साली रूसोनेही ‘एमिल’मध्ये याच गुंडाळ्यांवर टीका केली.

६/
रूसोचे नाव इतिहासात मोठे. पण बाळाच्या कमरेच्या दृष्टीने कॅडोगन अधिक कामाचे. बाळाला मोकळे सोडा म्हणणे सोपे असते. मोकळ्या बाळाला रोज स्वच्छ कापड लागते. ते कोठून आणायचे? लिननचे कापड महाग होते, सामान्य घरात त्याचे नग मोजके असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस गिरण्यांमुळे सुती कापड स्वस्त झाले, तेव्हा दिवसाला दहा-बारा कापडे बदलणे सर्वसामान्य युरोपीय घराच्या आवाक्यात येऊ लागले.

७/
जिथे कापड दुर्मीळ होते, तिथे माणसाने निराळ्या वाटा शोधल्या. उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांत अनेक जमातींनी पाणथळ जागी उगवणारे वाळवलेले शेवाळ बाळाच्या झोळीत भरले. ते भरपूर ओल धरते आणि टाकून देता येते. मध्य आशियात ‘बेशिक’ नावाच्या पाळण्याला खाली भोक असे आणि बाळाचे मूत्र एका पोकळ लाकडी नळीतून थेट खालच्या भांड्यात जाई. कापडाला मधून वगळण्याची ही युक्ती आजही पूर्णपणे लोपलेली नाही.

८/
भारतात सुती कापड होते, तेही फार पूर्वीपासून. पण बाळासाठी नवे कापड काढण्याची रीत नव्हती. बाळोती जुन्या लुगड्याची, धोतराची, पंचाची. याला केवळ काटकसर म्हणणे अपुरे आहे. कापसाच्या तंतूवर मेणासारखा नैसर्गिक थर असतो. त्यामुळे नवे कोरे कापड पाणी शोषण्याऐवजी आधी घरंगळू देते. वारंवार धुतल्यावर तो थर जातो. वर्षानुवर्षे नदीवर आपटलेले लुगडे म्हणजे शेकडो धुण्यांतून गेलेले, मऊ आणि तहानलेले कापड. नव्या कापडावर थेंब टाकला तर तो क्षणभर मण्यासारखा उभा राहतो. जुन्यावर पडताच पसरतो. बाळोत्यासाठी कापड निवडण्याची याहून चांगली परीक्षा अजूनही सापडलेली नाही.

९/
एकोणिसाव्या शतकात जुन्याचा हा आग्रह आणखी शहाणपणाचा ठरला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) कापूस दुर्मीळ झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी सुताला खळ देताना चिनी मातीचे प्रमाण भरमसाट वाढवले. वजन मातीचे, भाव कापडाचा. खळीला बुरशी येऊ नये म्हणून झिंक क्लोराइडसारखी रसायनेही मिसळली जात. भारतात येणाऱ्या अशा कापडाबद्दल व्यापाऱ्यांच्या तक्रारी होत्या : पहिल्या धुण्यातच वजन उतरते. मांजरपाटाचा असा कोरा तुकडा तान्ह्या बाळाच्या मांडीला बांधला असता तर काय झाले असते, हे घरातल्या आजीला रसायनशास्त्र न शिकताच ठाऊक होते. कोरे कापड टोचते, एवढे तिला पुरेसे होते.

१०/
हिशेबही पाहण्याजोगा आहे. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद. त्याचे हातभर किंवा जरा मोठे चौकोन फाडले तर पंचवीस-तीस बाळोती निघतात. पातळ, एकपदरी, कडा न शिवलेली. कड शिवली की शिवण जाड होते, उशिरा वाळते आणि कोवळ्या त्वचेवर वळ उठवते. म्हणून कापड कात्रीने न कापता दातांनी वा नखाने सुरुवात करून धाग्याच्या रेषेत फाडले जाई. जरीकाठ मात्र आधीच काढून ठेवलेला असे.

११/
पण सगळ्या घरांत जुनी लुगडी उरत नसत. ज्या बाईकडे अंगावरचे आणि दोरीवरचे अशी दोनच लुगडी, तिचे लुगडे जीर्ण झाले तरी तिच्याच अंगावर असे. अशा घरात बाळाखाली चिंध्यांची वाकळ असे आणि बाळ बहुधा उघडेच असे. बाळंतविड्यातील कुंची, टोपडे आणि झबल्यांच्या आठवणी मराठी साहित्यात भरपूर आहेत. या उघड्या बाळांच्या आठवणी कमी आहेत. त्याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही.

१२/
आता धुण्याचा प्रश्न. बाळंतिणीला दहा दिवसांचे सोयर. तिला आणि तिच्या कपड्यांना घरातल्या इतरांनी शिवायचे नाही. मग त्या दहा दिवसांतील रक्ताची आणि शीचे डाग पडलेली कापडे कोण धुणार? अनेक घरांत हे काम सुईणीकडे येई. ती बहुधा खालच्या मानलेल्या जातीची असे, आणि बाळ हातात घेणारी पहिली व्यक्तीही तीच असे. सोयर फिटले की कपडे घरच्या बाईकडे येत : बाळंतिणीच्या आईकडे, धाकट्या बहिणीकडे, एखाद्या विधवा आत्याकडे. बाळोती धुणे हे घरातील सर्वांत कमी अधिकार असलेल्या स्त्रीचे काम होते. एका बाळाची दिवसाला बारा-पंधरा कापडे, घरात दोन लहान मुले असली तर दुप्पट, आणि पाणी विहिरीवरून किंवा ओढ्यावरून आणायचे.

१३/
त्यात पावसाळा. कोकणात चार महिने ऊन दिसायचे नाही. तेव्हा शेगडीत निखारे, त्यावर पालथी घातलेली बांबूची टोपली आणि टोपलीवर बाळोती. वर ओव्याची किंवा धुपाची धुरी. वाळवणे आणि शेकणे एकाच विस्तवावर होई. धुराने बाळाच्या छातीला त्रास होत असे हे खरे. पण दमट कापडाला बुरशी धरण्यापेक्षा तो विस्तव बरा, असा हा व्यवहार होता. इथेच या कापडाच्या एकपदरीपणाचे मर्म आहे. तेच कापड चार पदर एकत्र शिवून ठेवले असते तर जुलै महिन्यात ते कधी वाळलेच नसते. बांधताना आठ पदर, वाळवताना एक. घडी म्हणजे हवी तेव्हा घालायची आणि हवी तेव्हा मोडायची शिवण.

१४/
हाच विचार जगात अन्यत्र स्वतंत्रपणे झालेला दिसतो. जपानमध्ये ‘साराशी’ नावाचे विरळ विणीचे, धुऊन शुभ्र केलेले सुती कापड असते; रुंदी सुमारे ३४ सेंटिमीटर. त्याचा लांब तुकडा टोकांना जोडून वेटोळे करायचे आणि घडी घालून बाळाला बांधायचे. वेटोळे दांडीवर ओवले की दोन्ही बाजूंनी वारा लागतो. जुन्या झालेल्या सुती ‘युकाता’ फाडूनही ही कापडे केली जात. जुने लुगडे आणि जुनी युकाता, दोन्हींकडे तर्क एकच.

१५/
पश्चिमेत कापडे दोन प्रकारची झाली. अमेरिकेत पातळ जाळीदार किंवा ‘पक्ष्याच्या डोळ्या’सारख्या बारीक नक्षीच्या विणीचा, साधारण २७ इंची चौकोन. ब्रिटनमध्ये टॉवेलसारख्या गुच्छेदार टेरी कापडाचा, साधारण २४ इंची. टेरी ओल जास्त धरते, पण वाळायला वेळ घेते आणि तान्ह्या बाळाच्या मांड्यांमध्ये तिचा बोळा होतो. म्हणून पहिल्या महिन्यांत मलमल आणि बाळ मोठे झाल्यावर टेरी, अशी विभागणी तेथील घरांत रूढ झाली. (हीच मलमल आज भारतातील शहरी दुकानांत ‘मस्लिन’ या नावाने, आकर्षक खोक्यात घालून विकली जाते. आजीच्या पेटीत ती नाव न घेता पडून होती.)

१६/
बांधण्याचा प्रश्न एका पेटंटने सोपा केला. १० एप्रिल १८४९ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांना सेफ्टी पिनचे पेटंट मिळाले. त्याचे हक्क त्यांनी ४०० डॉलरना विकून टाकले. टोक झाकणारी पिन येण्यापूर्वी साध्या टाचण्या किंवा गाठ हेच पर्याय होते. महाराष्ट्रात गाठच टिकली : चौकोनाचा तिकोन करायचा, मधले टोक पायांतून वर घ्यायचे, बाजूची दोन टोके त्यावर आणून बांधायची. जरा ओल धरणारी घडी हवी असेल तर दुसरे कापड लांबट दुमडून मधोमध ठेवायचे. मुलासाठी जाडी पुढे, मुलीसाठी मध्यावर आणि मागे. बाळ वाढते तसे दुमडणे कमी करायचे. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत पुरणारे माप या कापडाला जन्मतःच असते, कारण त्याला माप नसतेच.

१७/
आता पुन्हा धुण्याकडे. कारण विसाव्या शतकात खरे नाट्य तिथेच घडले. १९२१ साली अमेरिकन डॉक्टर जेरोम कुक यांनी दाखवले की बाळाच्या शीतील एक जंतू लघवीतील युरियापासून अमोनिया तयार करतो. सकाळी बाळोते सोडताना डोळ्यांना झोंबणारा तो वास. अंगावर उठणाऱ्या लालीचा दोष या अमोनियावर ठेवण्यात आला. पुढे १९७० आणि १९८० च्या दशकांतील संशोधनाने चित्र अधिक गुंतागुंतीचे असल्याचे सांगितले : अमोनिया एकटा त्वचा जाळत नाही; पण त्याने त्वचेवरील आम्लता कमी होते आणि शीमधील पाचक द्रव्ये कामाला लागतात. शिवाय सतत ओली राहिलेली त्वचा घर्षणाने सोलवटते. सारांश, ओले आणि मळलेले कापड जितके लवकर निघेल तितके बरे. पण १९२१ नंतरच्या काळाने निराळाच धडा घेतला : जंतू मारा.

१८/
जंतू मारण्यासाठी शेवटच्या पाण्यात काहीतरी टाकणे, किंवा बाळाच्या अंगावर काहीतरी भुरभुरवणे सुरू झाले. बोरिक ॲसिड हे त्यांतील आवडते. सौम्य, पांढरे, निरुपद्रवी भासणारे. ते सोलवटलेल्या त्वचेतून शरीरात शिरत होते. १९५३ साली गोल्डब्लूम या डॉक्टरद्वयाने जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयातील बोरिक ॲसिडच्या विषबाधेच्या १०९ नोंदींचा आढावा घेतला. ज्या पावडरीने लाली जावी असे वाटे, तिनेच काही बाळांचे प्राण घेतले होते.

१९/
१९५१ साली आणखी एक नोंद झाली, आणि ती मराठी घरांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. एका नवजात बाळाच्या रक्तातील तांबड्या पेशी भराभर फुटू लागल्या, कावीळ झाली. कारण निघाले नॅप्थॅलिन, म्हणजे डांबरगोळ्या. बाळाची कापडे डांबरगोळ्यांत जपून ठेवलेली होती. जी-सिक्स-पी-डी नावाचे विकर ज्यांच्या रक्तात जन्मतः कमी असते अशा बाळांना हा धोका अधिक. ग्रीसमधील अनेक नवजात बाळांच्या बाबतीत पुढे तेच दिसले. ही कमतरता भारतातही आढळते. जुनी मऊ लुगडी ट्रंकेत डांबरगोळ्या घालून वर्षानुवर्षे ठेवायची आणि नातवंड झाले की काढायची, ही रीत इथल्या घरांत किती रुजलेली होती हे सांगायला नको. नुसते उन्हात घालणे पुरत नाही. अशी कापडे धुऊन, वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच बाळाजवळ न्यावीत. गोळ्याच न घालणे सर्वांत उत्तम.

२०/
१९६७ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे एका रुग्णालयातील बाळांना दरदरून घाम सुटू लागला, श्वास वाढला. नऊ बाळे आजारी पडली, त्यांतील दोन दगावली. धुलाईघरात कापडाला बुरशी येऊ नये म्हणून पेंटाक्लोरोफिनॉलयुक्त पदार्थ वापरला जात होता, तो कापडात उरत होता. त्यानंतर १९८० च्या सुमारास ब्वेनोस आयरेसमध्ये व्यावसायिक धुलाईत पाऱ्याचे बुरशीनाशक वापरले गेले आणि हजारो बाळांचा पाऱ्याशी संबंध आला. या दोन्ही घटनांमध्ये हेतू वाईट नव्हता. कापड अधिक शुद्ध व्हावे अशीच इच्छा होती. ते साध्या पाण्यात आणखी दोनदा पिळले असते, तर बहुधा तेवढ्याने भागले असते.

२१/
म्हणून आजही कापडाची बाळोती वापरणाऱ्या घरांसाठी जुने नियम पुरेसे आहेत. शी आधी वाहत्या पाण्याखाली झटकून काढावी. सौम्य साबण, तोही थोडा. गरम पाणी मिळत असेल तर उत्तम. पाणी फेसरहित होईपर्यंत खळबळणे. कापड मऊ करणारे सुगंधी द्रव टाळणे, कारण त्यांचा थर तंतूंवर बसतो आणि जुन्या लुगड्याने वर्षानुवर्षे कमावलेली तहान तो मारून टाकतो. नवे कापड घेतलेच तर पहिल्या वापरापूर्वी चार-सहा वेळा धुणे. आणि ऊन. रात्रीचा अपवाद सोडला तर ओले होताच बदलणे, दिवसातून काही वेळ बाळाला उघडे ठेवणे. लाली चार दिवसांत न ओसरली किंवा फोड आले, तर घरगुती लेप थांबवून डॉक्टर.

२२/
धुण्याचे कष्ट मात्र कोणाला तरी करावेच लागत. अमेरिकेत १९३० च्या दशकात बाळोती धुऊन घरपोच देणाऱ्या सेवा सुरू झाल्या आणि महायुद्धात स्त्रिया कारखान्यांत गेल्यावर त्या फोफावल्या. १९४६ मध्ये मॅरियन डोनोव्हन यांनी न्हाणीघराचा पडदा कापून बाळोत्यावर घालायचे जलरोधक वेष्टन शिवले. उत्पादकांनी ते नाकारले. १९४९ मध्ये एका मोठ्या दुकानाने ते विकायला ठेवले, १९५१ मध्ये पेटंट मिळाले आणि हक्क दहा लाख डॉलरना विकले गेले. मग त्यांनी कागदाच्या, वापरून टाकायच्या बाळोत्याची कल्पना मांडली. तीही कोणी मनावर घेतली नाही.

२३/
दहा वर्षांनी ती कल्पना दुसऱ्यांच्या हातून बाजारात आली. १९६१ च्या अखेरीस पिओरिया या अमेरिकन शहरात ‘पॅम्पर्स’ची चाचणी विक्री झाली. नग दहा सेंट. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. किंमत सहा सेंटच्या आसपास उतरल्यावर खप वाढला. १९८० च्या दशकात आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरणारी भुकटी डायपरच्या आत आली आणि धुण्याचा प्रश्न, निदान विकत घेणाऱ्या घरापुरता, संपला. भारतात मोठ्या कंपन्यांचे डायपर १९९० च्या दशकात रुजू लागले. पुण्याजवळ त्यांचा कारखानाही उभा राहिला. शहरी मराठी घरात प्रवास आणि रात्रीची झोप ही त्यांची पहिली ठिकाणे. दिवसा बाळोते, रात्री डायपर, ही तडजोड आजीला आणि सुनेला दोघींनाही मान्य झाली.

२४/
पर्यावरणाच्या वादात कापडाचा विजय गृहीत धरला जातो. तोही धुण्यावरच अवलंबून निघाला. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली हिशेब मांडला. बाळाच्या पहिल्या अडीच वर्षांत फेकायच्या डायपरांमुळे सरासरी ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार, तर तेथील सरासरी सवयीने धुतलेल्या कापडी नॅपींमुळे ५७० किलो. म्हणजे जवळपास सारखाच. पण दोरीवर वाळवले, यंत्र पूर्ण भरून चालवले आणि तीच कापडे दुसऱ्या बाळालाही वापरली, तर कापडाचा भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो. यंत्रात गरम हवेने वाळवले तर तो चढतो. दोरी, भरलेली बादली आणि धाकट्या भावंडाने वापरलेली थोरल्याची बाळोती : मराठी घरात यांपैकी एकही गोष्ट मुद्दाम शिकवावी लागली नव्हती.

२५/
फेकलेल्या डायपरचे मात्र कोणाला तरी काही करावेच लागते. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद, बहुतांश दलित स्त्रिया, दारोदार कचरा गोळा करतात आणि हातांनी वेगळा करतात. डायपर आणि सॅनिटरी नॅपकिन त्याच ढिगातून, उघडे, त्यांच्या हाती येत. २०१३ मध्ये या स्त्रियांनी वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनची पाकिटे उत्पादक कंपन्यांना परत पाठवून निषेध केला. सुईणीच्या हाताला लागणारे ते सोयर शंभर वर्षांत घरातून निघून इथवर आले होते.

२६/
२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली की पाकिटासोबत प्रत्येक डायपर गुंडाळून टाकण्यासाठी पिशवी किंवा वेष्टन द्यावे. त्या नियमांनुसार घरांनी ते गुंडाळून सुक्या कचऱ्यात वेगळे द्यायचे होते. पुण्यात कचरावेचक स्त्रियांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्याही तयार केल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुडक्यावर लाल ठिपका काढायचा, असे घराघरांत सांगण्यात आले. ठिपका दिसला की वेचणारी बाई ते पुडके उघडत नाही, बाजूला ठेवते.